‘कन्फ्यूज’ आणि त्याचे मराठी सोयरे

बारामती शहराच्या बाहेर, भिगवणकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अंगाला महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची जी वसाहत पसरलेली आहे आणि जिला आबालवृद्ध केवळ ‘एमआयडीसी’ या आद्याक्षरांनीच ओळखतात, तेथे शिफ्ट सुटण्याच्या सुमारास एखाद्या चहाच्या टपरीपाशी घटकाभर उभे राहणाऱ्याच्या कानी एक इंग्रजी शब्द पुनःपुन्हा पडतो. बारामतीचा मुलगा तो बोलतो, इंदापूरकडून दुचाकीवर येणारा बोलतो, आणि बिहार-ओरिसाकडून पोटासाठी इतक्या दूर आलेला कामगारही तोच बोलतो. शब्द आहे ‘कन्फ्यूज’. ‘साहेबांनी सांगितलं एक, कागदावर लिहिलंय दुसरं, मी कन्फ्यूज झालो.’ ‘दोन्ही पार्ट सारखेच दिसतात, कन्फ्यूजन होतं.’ ‘नोकरी धरावी का पुढं शिकावं, कन्फ्यूज आहे.’ तीन माणसांनी तीन निरनिराळ्या गोष्टी सांगितल्या, पण शब्द मात्र एकच वापरला. पहिल्यास परस्परविरुद्ध आज्ञा मिळाल्या आहेत, दुसऱ्याची एका वस्तूच्या जागी दुसरी घेण्याची चूक होत आहे, आणि तिसऱ्याच्या मनाचे दोन तुकडे झाले आहेत. या तीन अवस्थांना मराठीत तीन वेगळी नावे होती व अद्याप आहेत. मग एकाच परक्या नावाने हे सारे कारभार कसे चालू लागले, आणि त्यात काय मिळाले व काय गमावले, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे.

प्रथम पाहुण्याचे कुळ पाहावे. लॅटिन भाषेत ‘फुंदेरे’ असे एक क्रियापद आहे. त्याचा अर्थ ओतणे, आणि धातूच्या संबंधात वितळविणे. त्यामागे ‘एकत्र’ या अर्थाचा उपसर्ग लागून ‘कोन्फुंदेरे’ हे रूप होते. म्हणजे दोन द्रव्ये एका पात्रात अशी ओतणे की, पुढे कोणते कोठले हे उमगू नये. दुधात पाणी ओतले की दूध वेगळे दिसत नाही आणि पाणीही वेगळे दिसत नाही, हा त्या शब्दाचा मूळ अर्थ होय. आपल्याकडील कवींनी हंसाच्या अंगी जो नीरक्षीरविवेक कल्पिला आहे, तो या क्रियेच्या नेमका उलट आहे. लॅटिन शब्द पात्रात ओतून एक करतो. हंस चोचीने पुन्हा दोन करतो.

या ‘ओतण्या’चे वंशज मराठी घरांत पूर्वीच येऊन राहिले आहेत, मात्र त्यांचे परस्परांशी नाते आहे हे फारसे कोणाच्या ध्यानी येत नाही. विजेच्या पेटीतील ‘फ्यूज’ हा वितळतो म्हणून फ्यूज. दुकानदाराने पैसे परत दिले की तो ‘रिफंड’, म्हणजे परत ओतलेले. रुग्णास रक्त चढवितात ते ‘ट्रान्सफ्यूजन’, म्हणजे या भांड्यातून त्या भांड्यात ओतणे. धातूचा रस साच्यात ओततात ती ‘फाउंड्री’. वाढदिवसाच्या केकवर जे गोड, गुळगुळीत आवरण घालतात ते ‘फॉन्डंट’ही फ्रेंच भाषेच्या वाटेने आलेले याच घराण्यातले. बारामतीच्या वसाहतीत तीनचाकी वाहने करणारा पियाजिओचा आणि चॉकलेट करणारा फेरेरोचा, असे इटलीतून आलेल्या उद्योगांचे दोन मोठे कारखाने आहेत. इटालियन ही लॅटिनची सख्खी लेक. तिच्यात वितळविण्याला आजही ‘फोंदेरे’ म्हणतात आणि काळ्या, कमी गोड चॉकलेटला ‘फोंदेन्ते’, म्हणजे विरघळणारे, असे नाव आहे. तेव्हा ज्या रस्त्यावर बारामतीचा तरुण ‘कन्फ्यूज झालो’ म्हणतो, त्याच रस्त्याच्या कुंपणाआड त्या शब्दाचे आतेमामे भाऊ नांदत आहेत.

इंग्रजीत या शब्दाचा इतिहास काहीसा उलट्या क्रमाने घडला. ‘कन्फ्यूज’ हे क्रियापद आधी आणि त्यावरून ‘कन्फ्यूज्ड’ हे विशेषण मागाहून, असे व्याकरण शिकलेल्या मनुष्यास वाटेल. परंतु प्रत्यक्षात ‘कन्फ्यूज्ड’ हे रूप मध्ययुगीन इंग्रजीतच रूढ होते, आणि ‘कन्फ्यूज’ हे क्रियापद सोळाव्या शतकात दिसू लागले. तेही प्रथम वस्तूंची सरमिसळ करणे एवढ्याच अर्थाने. एखाद्याच्या बुद्धीला घोटाळ्यात पाडणे या आजच्या अर्थाने त्याचा सर्रास प्रचार एकोणिसाव्या शतकात झाला. तोपर्यंत ते काम ‘कन्फाउंड’ नावाचा त्याचा थोरला भाऊ करीत असे. मग थोरल्याचे प्रस्थ कमी झाले आणि धाकट्याने घर चालविले.

येथे एक सूचना जुन्या इंग्रजी कादंबऱ्या वाचणाऱ्यांसाठी करणे अवश्य आहे. त्या कादंबऱ्यांतील नायिका एखाद्या प्रसंगी ‘कन्फ्यूज्ड’ होते, तिच्या मुखावर ‘कन्फ्यूजन’ दिसते, असे वर्णन आढळले की अनेक भाषांतरकार ‘ती गोंधळून गेली’ असे लिहून मोकळे होतात. वस्तुतः पुष्कळ ठिकाणी तेथे गोंधळ नसतो, लाज असते. ती ओशाळलेली असते, वरमलेली असते, क्वचित खजील झालेली असते. फ्रेंच मनुष्य आजही ‘मी कोन्फ्यू आहे’ असे म्हणतो तेव्हा त्यास बहुधा इतकेच सांगावयाचे असते की, तुमच्यासमोर मला संकोच वाटतो. ज्यास हे ठाऊक नाही त्याच्या भाषांतरात लाजरी मुलगी निर्बुद्ध ठरते, आणि तो दोष कादंबरीकाराच्या माथी बसतो.

व्याकरणाचीही एक गोष्ट येथेच सांगून टाकावी. इंग्रजीत मनुष्य ‘कन्फ्यूज्ड’ असतो आणि त्यास तसे करणारी वस्तू ‘कन्फ्यूजिंग’ असते. मुलाखतीस बसलेला उमेदवार घाईत ‘आय ॲम कन्फ्यूजिंग’ म्हणून जातो आणि ऐकणारे हसतात, कारण त्याचा अर्थ ‘मी लोकांना गोंधळात टाकणारा आहे’ असा होतो. मराठीत हा भेद नाही असे मात्र कोणी समजू नये. ‘गोंधळलेला’ आणि ‘गोंधळविणारा’ यांत कोणताही मराठी पोर चुकत नाही; चूक होते ती परक्या प्रत्ययांची सवय नसल्यामुळे. मराठी बोलताना ‘मी कन्फ्यूज आहे’ असे जे म्हटले जाते ते इंग्रजी व्याकरणाप्रमाणे अशुद्ध खरे, परंतु मराठीने तो शब्द क्रियापद म्हणून घेतलाच नाही. विशेषण म्हणून घेतला आणि त्यास आपली ‘होणे’ व ‘करणे’ ही क्रियापदे जोडली. परकीय शब्द घेण्याची मराठीची ही फार जुनी रीत आहे. पेच, गफलत, गल्लत हे फारसी-अरबीकडून आलेले शब्द असेच आले आणि त्यांस कोणती क्रियापदे जोडावयाची हे मराठीने ठरविले.

या जोडीच्या क्रियापदांतच मराठीची खरी श्रीमंती आहे. कोश उघडला तर गोंधळ, घोटाळा, घोळ, संभ्रम, भ्रांती, भंबेरी, तारांबळ, त्रेधा, पेच, बुचकळा, कोडे असे शब्द सापडतील. मोल्सवर्थ व कँडी यांनी १८४७ साली इंग्रजी-मराठी कोश प्रसिद्ध केला, तेव्हापासून एका इंग्रजी शब्दापुढे असे अनेक मराठी शब्द मांडण्याची पद्धत पडली आणि ती योग्यच आहे. पण या पद्धतीत एक उणीव राहते. शब्द एका ओळीत बसविले की ते एकमेकांचे जुळे भाऊ वाटू लागतात. त्यांतील भेद कळावयाचा तर प्रत्येक शब्द कोणत्या क्रियापदाचा हात धरून चालतो हे पाहिले पाहिजे.

पाहावे तर असे दिसते की, मराठीत काही गोंधळ उडतात आणि काही पडतात. तारांबळ उडते, त्रेधा उडते, भंबेरी उडते, गोंधळ उडतो. याच्या उलट मनुष्य पेचात पडतो, बुचकळ्यात पडतो, कोड्यात पडतो, संभ्रमात पडतो. जे उडते त्यात गडबड आहे, धावपळ आहे, वेळ थोडा व कामे फार अशी अवस्था आहे. पाहुणे दारात आले आणि चुलीवर दूध उतू जात आहे, तेथे गृहिणीची तारांबळ उडते, ती बुचकळ्यात पडत नाही. जे पडते त्यात मात्र हालचाल थांबलेली असते. मुलाने अकस्मात असा प्रश्न विचारावा की बापास उत्तर सुचू नये, तेथे बाप बुचकळ्यात पडतो. त्याची त्रेधा उडत नाही. बुचकळणे म्हणजे पाण्यात बुडविणे. डोके पाण्याखाली गेले असता जशी बाहेरची चाहूल मंद होते, तसे काहीसे त्याचे होते. ‘तारांबळ’ शब्दाची तर अशी कथा सांगतात की, लग्नातील मंगलाष्टकांच्या अखेरीस ताराबल व चंद्रबल यांचा जो उच्चार होतो, तो ऐकताच अंतरपाट दूर होऊन अक्षता, हार आणि वाद्ये यांची एकच धांदल सुरू होते, तीवरून हा शब्द आला. कथा खरी असो वा नसो, ज्याने मुलीचे लग्न काढले आहे त्यास ती पटल्यावाचून राहावयाची नाही.

तिसरा वर्ग ‘होण्या’चा आहे. गल्लत होते, गफलत होते. येथे उडणे नाही, पडणे नाही. एका वस्तूच्या जागी दुसरी घेतली गेली इतकेच. इंग्रजीत ज्यास अमुक एक गोष्ट अमुक दुसरीशी ‘कन्फ्यूज’ करणे म्हणतात, ते हेच. आणि चौथा वर्ग आहे आरोपाचा. गोंधळ ‘घातला’, घोळ ‘घातला’, घोटाळा ‘केला’. शब्द तोच, पण क्रियापद बदलताच मनुष्य साक्षीदाराचा आरोपी होतो. ‘माझा गोंधळ झाला’ यात क्षमेची जागा आहे. ‘त्याने गोंधळ घातला’ यात नाही.

गोंधळ हा शब्द मुळात अशा अपवादाला पात्र नव्हता. देवीचा गोंधळ हे कुलाचाराचे पवित्र कार्य आहे. संबळ वाजत असतो, दिवटी पेटलेली असते, आणि गोंधळी एकेका दैवतास त्याच्या गावाचे नाव घेऊन पाचारण करतो. तुळजापूरची भवानी, कोल्हापूरची अंबाबाई, माहूरची रेणुका, जेजुरीचा खंडोबा, सर्वांस एका अंगणात बोलावणे जाते. इतक्यांना एकत्र जमविल्यावर व्यवहारात गर्दी आणि गोंगाट होणारच. परंतु गोंधळ्याचे स्वतःचे एकही नाव चुकत नाही, कोणाचे गाव कोणास लागत नाही. ज्या विधीत इतकी शिस्त आहे त्याचे नाव बेशिस्तीला पडावे, हे भाषेच्या लहरीपणाचे उदाहरण होय.

घोटाळा या शब्दाची कहाणी याहून करुण आहे. गोविंद बल्लाळ देवल यांचे ‘संशयकल्लोळ’ हे नाटक १९१६ साली संगीत स्वरूपात रंगभूमीवर आले. परंतु तत्पूर्वी १८९३ मध्ये ते गद्य स्वरूपात होते व तेव्हा त्याचे नाव होते ‘फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा’. एक तसबीर भलत्या हाती जाते आणि तीवरून नवरा बायकोविषयी व बायको नवऱ्याविषयी संशयाने पोळत राहते. त्या निरुपद्रवी अदलाबदलीस देवलांनी घोटाळा म्हटले आणि प्रेक्षकांस त्यात काही वावगे वाटले नाही. आज ‘तसबिरीचा घोटाळा’ असा मथळा वृत्तपत्रात आला तर वाचक प्रथम विचारील, ‘किती कोटींचा?’ सरकारी पैशाच्या अपहाराला हे नाव इतके घट्ट चिकटले की, हिशेबात अनवधानाने आकडा चुकलेला कारकूनही ‘साहेब, घोटाळा झाला’ म्हणण्यास कचरतो. जुन्या पिढीतील माणसे तेवढी अद्याप निर्धास्तपणे म्हणतात.

आणि येथेच ‘कन्फ्यूज’ शब्दाच्या लोकप्रियतेचे एक कारण सापडते असे वाटते. घोटाळा म्हणावे तर चोरीचा वास येतो. गोंधळ म्हणावे तर कोणी तरी तो घातला असा भास होतो. भ्रम म्हणावे तर वेड्यांच्या इस्पितळाची आठवण होते, आणि मोह म्हणावे तर नीतीचा प्रश्न उभा राहतो. वास्तविक संमोह हा शब्द गीतेत क्रोधानंतरची व स्मृतिभ्रंशापूर्वीची पायरी म्हणून किती नेमका योजिलेला आहे. परंतु व्यवहारात मोह म्हटला की सोने व स्त्री यांखेरीज कोणास काही सुचत नाही. अशा वेळी तरुणास असा एक शब्द हवा होता की, ज्यात आपला अपराध दिसू नये, आपली अक्कल निघू नये आणि शेजारी उभ्या असलेल्या परप्रांतीय सोबत्यासही तो कळावा. ‘कन्फ्यूज’ने ही तिन्ही कामे केली. म्हणून केवळ इंग्रजीची हौस असे म्हणून या शब्दाची बोळवण करणे न्यायाचे होणार नाही. भाषाशुद्धीच्या अभिमान्यांनीही हे लक्षात घ्यावे की, परका शब्द पुष्कळदा रिकाम्या घरातच शिरतो. आणि घर रिकामे कोणी केले याची चौकशी आधी झाली पाहिजे.

शब्दाने अक्कल काढली जाते म्हणजे काय होते, याचे एक उदाहरण कारखान्यांच्याच जगातले आहे. जपानमधील शिगेओ शिंगो या अभियंत्याने १९६० नंतरच्या दशकात कामगाराच्या हातून चूक होऊच नये अशी साधने यंत्रांना बसविण्याची पद्धत रूढ केली. उजवा व डावा असे दोन ब्रॅकेट दिसावयास सारखे असतील, तर फिक्स्चरवर एक लहानशी खुंटी अशा जागी बसवावयाची की, उजव्याच्या जागी डावा बसूच नये. प्रथम या पद्धतीस ‘बाका-योके’ असे नाव होते. ‘बाका’ म्हणजे मूर्ख. मूर्खापासून बचाव, असा त्याचा अर्थ. काम करणाऱ्यांस ते नाव लागले, कारण चूक झाली म्हणून आपण मूर्ख ठरतो हे त्यांनी का मान्य करावे? मग ते बदलून ‘पोका-योके’ असे करण्यात आले. ‘पोका’ म्हणजे अनवधानाने झालेली चूक. खुंटी तीच राहिली, ब्रॅकेट तेच राहिले, एक अक्षर बदलले; पण दोष माणसावरून उचलून मांडणीवर ठेवला गेला. आज जगभरच्या, आणि आपल्या इकडच्याही, कारखान्यांतून ‘पोकायोके’ हा शब्द बोलला जातो.

मराठीत या ‘पोका’ला नेमका शब्द आहे, तो म्हणजे गल्लत. लाईनवरच्या मुलाने सुपरवायझरपाशी जाऊन ‘मी कन्फ्यूज झालो’ म्हटले तर सुपरवायझर काय समजेल? आज्ञा कळली नाही असे समजून तो पुन्हा तीच आज्ञा मोठ्याने सांगेल. पण मुलाने ‘साहेब, या दोन पार्टची गल्लत होते’ असे म्हटले, तर साहेबाची नजर पार्टकडे जाईल, बिनवर रंगीत पट्टी लावावी की खुंटी बसवावी हा विचार सुरू होईल. आणि ‘सकाळच्या साहेबांनी एक सांगितले, तुम्ही दुसरे सांगता, मी पेचात पडलो’ असे म्हटले तर पार्टकडे पाहण्याचे कारणच नाही; दोन साहेबांनी एकत्र बसावयास हवे. एका शब्दात तिन्ही गोष्टी ओतल्या की उपाय कोणता हे कळेनासे होते. लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ येथे अक्षरशः खरा होतो.

बारामतीस या विषयात आणखी एक अधिकार आहे, आणि तो वसाहतीहून दोन शतकांनी जुना आहे. कविवर्य मोरोपंत पराडकर यांचा जन्म १७२९ साली पन्हाळ्यास झाला. परंतु बाबूजी नाईक बारामतीकरांच्या आश्रयाने त्यांचे आयुष्य कऱ्हेच्या काठी, बारामतीसच गेले आणि तेथेच १७९४ साली त्यांनी देह ठेवला. पंतांनी एकशे आठ रामायणे रचली अशी परंपरा आहे. इतकी रामायणे कशासाठी, असे विचारणाऱ्याने त्यांतील काहींची नावेच पाहावीत. मंत्ररामायणात रामनामाच्या मंत्राची अक्षरे पद्यांतून गुंफलेली आहेत. निरोष्ठ रामायणात ओठांना ओठ लागून उच्चारली जाणारी अक्षरेच वर्ज्य केली आहेत. आता ‘म’ हे ओष्ठ्य अक्षर. ते वर्ज्य झाले की ‘राम’ हे नावच तोंडाला पारखे झाले! रामाचे नाव न घेता रामायण सांगावयाचे, हे कोडे कवीने स्वतःस घातले आणि स्वतःच सोडविले.

कोडे आणि गोंधळ यांतील अंतर येथे स्वच्छ दिसते. इंग्रजीत कोड्याला ‘पझल’ म्हणतात आणि ‘पझल्ड’ व ‘कन्फ्यूज्ड’ हे शब्द जाणता इंग्रज सहसा एकमेकांच्या जागी घालीत नाही. कोड्यात पडलेल्या मनुष्यास सर्व वस्तू स्पष्ट दिसत असतात. त्यांचा मेळ कसा बसतो एवढेच त्यास कळत नाही. गोंधळलेल्यास वस्तूच स्पष्ट दिसत नाहीत. पंतांची यमके व दूरान्वय यांनी शाळेतील कित्येक पिढ्यांना घाम फोडला हे खरे. तरी पदच्छेद नीट केला की अर्थ हाती लागतो, कारण तो कवीने तेथे ठेवलेलाच असतो. ‘केकावलि’ हे नावदेखील एक सोपे कोडे आहे. केका म्हणजे मोराचा आक्रोश, आणि कवीचे नाव मोरोपंत. ज्यास हे उमगले त्यास हसू येते. ज्यास उमगले नाही तो बुचकळ्यात पडतो, पण त्याचा गोंधळ उडत नाही. क्लिष्ट कवितेस ‘कन्फ्यूजिंग’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्याने निदान एवढा भेद करावा, अशी अपेक्षा अवास्तव नसावी.

इतर इंग्रजी सोयऱ्यांपैकी दोघांचा उल्लेख पुरे. ‘परप्लेक्स’ हा विणण्याच्या क्रियेवरून आला आहे. आपला गुंता तोच. ‘बिविल्डर’ हा अरण्यात वाट चुकविणे या कल्पनेवरचा. यास संस्कृतात दिङ्मूढ हा समर्पक शब्द आहेच, पण इंदापूर-बारामतीकडील शेतकऱ्यास विचारले तर तो त्याहून चांगला शब्द देईल. रात्री पाणी धरून रानातून परतणारा मनुष्य ओळखीच्याच बांधांवरून फिरत राहतो, घर समोर दिसते आणि वाट पुन्हा त्याच विहिरीपाशी येते; त्यास ‘चकवा लागला’ म्हणतात. चकव्याच्या भुतावर कोणाचा विश्वास असो वा नसो, शब्द मात्र नेमका आहे.

आता राहिला तो ज्या ठिकाणी या शब्दाच्या संदिग्धतेने प्रत्यक्ष अपाय होऊ शकतो तो प्रसंग. घरातील वृद्ध मनुष्य दोन दिवस आजारी आहे. मुलगा किंवा सून डॉक्टरांस फोन करून सांगते, ‘अण्णा जरा कन्फ्यूज आहेत.’ बोलणाऱ्याच्या मनात त्याचा अर्थ, औषध घ्यावे की नाही असे अण्णा म्हणतात, इतका सौम्य असू शकेल. किंवा अण्णांनी रात्रीच दिवस समजून अंघोळीचे पाणी मागितले, इतका गंभीरही असू शकेल. वैद्यकशास्त्रात ‘कन्फ्यूजन’ ही संज्ञा दुसऱ्या प्रकारासाठी आहे. आपण कोठे आहोत, वेळ कोणती, समोर कोण उभे आहे याचे भान जाणे आणि लक्ष एका ठिकाणी न ठरणे, ही तिची लक्षणे. न्यूमोनिया किती बळावला आहे हे जोखण्यासाठी २००३ पासून डॉक्टरमंडळी जी एक गुणपद्धती वापरतात, तिच्या इंग्रजी नावातील पहिले अक्षरच या ‘कन्फ्यूजन’चे आहे, श्वासाचा वेग व रक्तदाब यांच्या पंक्तीला ते बसविले आहे. याचे कारण असे की, उतारवयात शरीरातील बिघाड पुष्कळदा तापाने किंवा दुखण्याने प्रकट होत नाही, तर प्रथम भान सुटण्याने प्रकट होतो. लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, रक्तातील सोडियम उतरणे, साखर फार खाली किंवा फार वर जाणे, अंगातील पाणी कमी होणे, नव्याने सुरू केलेले एखादे औषध, यांपैकी काहीही त्याच्या मुळाशी असू शकते. आणि मूळ सापडले तर भान बहुधा परत येते.

आपल्या आज्या या अवस्थेस ‘वात झाला’ म्हणत आणि ‘वातात बरळतो आहे’ असे शेजारणीस सांगत. तेवढ्याने शेजारीण वैद्याकडे माणूस धाडीत असे. तो शब्द शास्त्रीय नव्हता, पण त्यात निकड होती. वार्धक्यामुळे महिनोन्महिने, वर्षानुवर्षे हळूहळू होत जाणारा विसर निराळा. त्यास ‘म्हातारचळ’ असे काहीसे निर्दय नाव होते. दोन शब्द निराळे असल्यामुळे दोन आजारांची गल्लत होत नसे. आता दोहोंस ‘कन्फ्यूज’ म्हटले जाते, आणि ‘वयच झालंय त्यांचं’ असे म्हणून कुटुंबातील शहाणी माणसेही सकाळपर्यंत थांबतात.

तेव्हा डॉक्टरांशी बोलताना हा एक शब्द बाजूस ठेवून जे दिसले ते साध्या मराठीत सांगावे. अण्णा कालपर्यंत सर्वांस ओळखत होते काय. आज कोणास ओळखत नाहीत. हे केव्हापासून, सकाळपासून की आठवड्यापासून. मध्येच नीट बोलतात आणि पुन्हा असंबद्ध होतात काय. दिवसापेक्षा रात्री अधिक होते काय. नवी गोळी कोणती सुरू झाली. लघवी किती वेळा झाली. मधुमेह असल्यास शेवटचे खाणे व शेवटची गोळी केव्हा. एवढे सांगण्यास दोन मिनिटे पुरतात, आणि फोनच्या पलीकडे असलेल्या डॉक्टरांस, रुग्ण ताबडतोब आणावा की उद्या दाखविला तरी चालेल, हे त्या दोन मिनिटांत ठरविता येते.